आधी तरंगू द्या, मग पेटवा

काँकॉर्डवर जीव जडलेली माणसं आजही पुष्कळ आहेत. शेवटचं काँकॉर्ड २६ नोव्हेंबर २००३ रोजी ब्रिस्टलजवळच्या फिल्टनला उतरलं. त्यानंतर जन्मलेली मुलंसुद्धा त्या लांब मानेच्या पांढऱ्या विमानाचे फोटो खोलीत लावतात. त्यातल्या काहींना फोटो पुरत नाही. त्यांना ते उडताना बघायचं असतं, तेही स्वतःच्या हातांनी केलेलं. रेडिओवर चालणारं रॉकेट ग्लायडर हा त्याचा एक सुंदर मार्ग आहे. फोमचं हलकं काँकॉर्ड, त्याच्या पाठीमागे एक छोटी रॉकेट मोटर. ती सहा-सात सेकंद जळते, विमान जवळजवळ सरळ वर जातं, मोटर विझते, आणि तिथून पुढे हातातल्या ट्रान्समीटरवर तुम्ही ते घिरट्या घालत खाली आणता.

अशा मुलांना, त्यांच्या आईवडलांना आणि नोकरी सांभाळून हा छंद जोपासणाऱ्या मोठ्यांना माझं सांगणं एकच आहे. विमान हातातून फेकल्यावर शांतपणे तरंगत जात नसेल तर त्यात रॉकेट घालू नका. मोटर वाईट विमानाला चांगलं करत नाही. हातातून फेकल्यावर दिसणारी छोटी खोड मोटर पेटल्यावर अर्ध्या सेकंदात मोठी होते, आणि ती सावरायला तेवढा वेळ आणि तेवढी उंची दोन्ही नसतात.

खुद्द काँकॉर्ड ज्यांनी घडवलं तेही असेच टप्प्याटप्प्यानं गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या ग्योटिंगेनहून इंग्लंडमधल्या फार्नबरोला आलेले डीट्रिश क्युखेमान आणि योहाना वेबर यांनी अरुंद त्रिकोणी पंखाचं गणित मांडलं. अशा पंखाचं नाक वर उचललं की पुढच्या तिरप्या कडांवरून हवेचे दोन भोवरे सुटतात, पंखाच्या पाठीवर पसरतात आणि उचल वाढवतात. त्यामुळे आवाजाच्या दुप्पट वेगासाठी केलेला पंख धावपट्टीवर उतरण्याइतक्या कमी वेगातही विमान पेलू शकतो. कागदावर हे पटलं तरी कुणी लगेच काँकॉर्ड बांधायला घेतलं नाही. आधी हँडली पेज कंपनीनं एचपी ११५ नावाचं एक छोटं, सावकाश उडणारं विमान केलं. ते १९६१ साली पहिल्यांदा उडालं. त्याची चाकं आत जात नव्हती, वेग बेताचा होता, आणि त्याचं काम एकच होतं: हा पंख हळू उडताना कसा वागतो ते दाखवणं. मग १९६४ साली बीएसी २२१ या वेगवान विमानावर काँकॉर्डसारखा वळणदार पंख बसवून पाहिला. त्यानंतर २ मार्च १९६९ रोजी तुलूझला आंद्रे तुर्का यांनी काँकॉर्ड हवेत नेलं. एचपी ११५, २२१ आणि ब्रिटनमध्ये जोडलेलं पहिलं काँकॉर्ड, अशी तिन्ही विमानं आज इंग्लंडमधल्या यॉव्हिल्टनच्या संग्रहालयात आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी मुलांना घेऊन जावं आणि काँकॉर्डइतकाच वेळ त्या बुटक्या एचपी ११५ समोरही उभं राहावं.

तुमचं एचपी ११५ म्हणजे तीन मिलिमीटर जाडीच्या फोमच्या तावातून कापलेलं, वीतभराहून थोडं मोठं फेकायचं विमान. खरं काँकॉर्ड ६१.६६ मीटर लांब आणि २५.६ मीटर रुंद होतं. त्याच्या दोनशेव्या हिश्श्याचं केलं तर ३१ सेंटिमीटर लांब आणि सुमारे १३ सेंटिमीटर रुंद होतं. वरून दिसणारा आकार नीट उतरवून घ्या आणि पंखासोबत बॉडीही कापा. पंखाच्या पुढे आलेलं ते लांब नाक नुसतं शोभेचं नसतं. तेही हवेत उचल धरतं आणि विमानाचा स्वभाव बदलतं. पाठीवर शेपटीचा एकच उभा पंख चिकटवा. काँकॉर्डला मागे आडवी शेपटी नाही, तिचं काम पंखाच्या मागच्या कडेला बसवलेल्या पट्ट्या करतात. त्यांना एलेव्हॉन म्हणतात. छोट्या विमानात मागच्या कडेला दोन काप देऊन त्या किंचित वर वाकवल्या की झालं.

आता नाकाला मुलांच्या मातीकामाची थोडी माती लावा आणि फेका. जोरात नाही. डोळ्यांच्या उंचीवरून, नाक जरासं खाली, समोरच्या भिंतीपर्यंत पोचेल एवढ्याच बळानं. विमान नाक वर करून थबकलं आणि मागे घसरलं तर माती वाढवा. दगडासारखं खाली गेलं तर माती कमी करा, किंवा एलेव्हॉन आणखी मिलिमीटरभर उचला. पतंगाला कणी बांधताना आपण गाठ केसभर वर, केसभर खाली सरकवत बसतो, तितक्याच चिकाटीचं हे काम आहे. विमान सारख्या उतारानं, न डुलता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टेकलं की ते दोन बोटांवर तोलून बघा आणि तोलाच्या बिंदूवर पेनानं खूण करा. हा तुमचा सीजी. मग मुद्दाम थोडी थोडी माती काढत जा आणि विमान कुठे बिघडायला लागतं तेही पाहा. ती मागची हद्द. मोठ्या विमानाचा सीजी त्या हद्दीच्या बराच पुढे ठेवायचा असतो.

पुस्तकातलं सूत्रही आहे. साध्या सरळ त्रिकोणी पंखाच्या उचलीचा बिंदू मधल्या सर्वांत लांब रेषेच्या साधारण निम्म्यावर येतो आणि सीजी त्याच्या पुढे हवा. पण काँकॉर्डच्या पंखाची पुढची कड सरळ नाही. ती आधी आत वळते, मग बाहेर जाते. त्यावर त्रिकोणाचं सूत्र जसंच्या तसं बसत नाही. म्हणून माझा भरवसा फेकण्यावर. एक संध्याकाळ आणि मूठभर फोम जातो, आणि हाती येणारी खूण दुसऱ्या कुणाच्या नव्हे, तुमच्याच आकाराची असते.

छोटं विमान नीट जायला लागलं की मोठं घ्या. मला पन्नासावा हिस्सा योग्य वाटतो. लांबी १२३ सेंटिमीटर, रुंदी ५१ सेंटिमीटर, पंखाचं क्षेत्रफळ सुमारे १४०० चौरस सेंटिमीटर. मोटरसकट सगळं वजन ३०० ग्रॅमच्या आत ठेवलं तर हे विमान ताशी तीसेक किलोमीटर वेगानं तरंगेल. एवढा वेग माणसाच्या हाताला आणि नजरेला झेपतो. वजन ४५० ग्रॅमवर गेलं की उतरण्याचा वेग वाढतो, मोटरला उचलायला जड जातं आणि पहिल्या आपटीत नाक मोडतं. म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा कामाच्या टेबलावरच ठेवा आणि प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी त्यावर ठेवून वजन वहीत लिहा. हे कंटाळवाणं वाटतं खरं. पण वजन एका जागी वाढत नाही. ते दहा ठिकाणी दोन-दोन ग्रॅमनं चढतं आणि शेवटी कुठे कमी करावं तेच कळत नाही.

पंख सहा मिलिमीटरच्या डेप्रॉन फोमचा, सपाट. पुढची कड सँडपेपरनं गोल करा, मागची थोडी निमुळती. इथे अनेकांचा हट्ट असतो की खऱ्या काँकॉर्डच्या पंखाला जो बाक आणि पीळ आहे तो मॉडेलमध्येही यावा. माझा सल्ला आहे, आणू नका. तो बाक एका ठरावीक वेगासाठी घडवलेला होता. तुमचं विमान काही सेकंदांत शून्यापासून मोठ्या वेगापर्यंत जातं आणि पुन्हा हळू होतं. बाक असलेला पंख वेग वाढताच विमानाला आपल्या मनानं वळवायला लागतो. सपाट पंख सरळ वर जाताना कुठेच ओढत नाही, आणि तरंगण्यापुरती उचल एलेव्हॉन किंचित वर ठेवून मिळते. पंखात आडवी कार्बनची पट्टी किंवा नळी अवश्य घाला आणि एलेव्हॉनच्या लांबीलाही एक बारीक पट्टी द्या. वेगात मऊ फोम फडफडायला लागला तर एलेव्हॉन क्षणात तुटून जातो.

बॉडी गोल करण्याच्या नादी लागू नका. पन्नासाव्या हिश्श्यात ती सुमारे पावणेसहा सेंटिमीटर रुंद येते. पातळ फोमच्या चार पट्ट्यांची चौकोनी पेटी करून कोपरे घासले तर पन्नास पावलांवरून कुणालाही फरक कळत नाही. नाक खाली झुकवण्याची यंत्रणा तर नकोच. इंजिनांचे दोन खोके पंखाखाली हवेत, त्यांच्याशिवाय ते काँकॉर्ड दिसत नाही. पण ते पोकळ आणि हलके ठेवा. शेपटीचा उभा पंख मात्र मापापेक्षा थोडा मोठा करा. लांब नाक विमानाला आडवं वळवायला बघतं आणि छोट्या मॉडेलला मागून जास्त धरून ठेवावं लागतं. चिकटवताना साधा झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, तो फोम खातो. फोमसाठीचा गोंद मिळतो तोच घ्या, आणि मोटरच्या नळीपाशी इपॉक्सी.

रंगाबद्दल थोडं. काँकॉर्ड पांढरं होतं त्याला कारण होतं. आवाजाच्या दुप्पट वेगात त्याची कातडी तापायची आणि पांढरा रंग ती उष्णता परत फेकायला मदत करायचा. १९९६ साली जाहिरातीसाठी एक काँकॉर्ड निळं रंगवलं तेव्हा त्याला पूर्ण वेगात वीस मिनिटांहून जास्त राहायला मनाई होती. तुमच्या विमानापुढे तो प्रश्न नाही. तुमच्यापुढे प्रश्न असा की दीडशे मीटर उंचीवर पांढरा अरुंद त्रिकोण ढगापुढे दिसेनासा होतो आणि तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय ते कळत नाही. वरची बाजू हवी तितकी पांढरी ठेवा. खालची गडद करा, आणि एका पंखाखाली मोठा पट्टा ओढा.

आता मोटर कुठे बसवायची ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. या विमानांसाठी वेगळ्या मोटरी मिळतात. ढकल कमी, पण जळतात बराच वेळ. साध्या रॉकेटच्या मोटरीत इंधन संपल्यावर पुढे एक छोटा स्फोट होतो आणि पॅराशूट बाहेर पडतं. इथे तसं काही बाहेर काढायचं नसतं, म्हणून पुढून बंद असलेलीच मोटर घ्यायची. पॅराशूटवाली मोटर चुकून घातली तर ती विमान आतून फाडते. इ गटातल्या मोटरीचा एकूण जोर २० ते ४० न्यूटन-सेकंद असतो. सरासरी सहा न्यूटनची ढकल धरली तर ४० न्यूटन-सेकंदांची मोटर साडेसहा सेकंदांच्या पुढे जळते. ३०० ग्रॅम विमानाचं वजन सुमारे तीन न्यूटन, म्हणजे ढकल वजनाच्या दुप्पट. यापेक्षा बरीच दांडगी मोटर फोमच्या पंखाला सोसत नाही. यापेक्षा कमी असली तर विमान ज्यावरून सोडतात त्या उभ्या रेलवरून रेंगाळत निघतं आणि एलेव्हॉनला पकड येण्याआधीच कलंडतं.

काँकॉर्डची बॉडी पंखाच्या मागेही बरीच लांब जाते. मोटर अगदी तिच्या टोकाला बसवली तर ती सीजीपासून फार दूर पडते आणि तोल सांभाळायला नाकात शिसं भरत बसावं लागतं. म्हणून मागचं निमुळतं टोक खालून कापा आणि मोटर जमेल तितकी पुढे घ्या. ज्वाला जिथून जाईल तिथे फोमचा कणही नको. बॅटरी आणि रिसीव्हर नाकात टाका. लांब मानेचा हा मोठा फायदा आहे, तिथे दहा ग्रॅमही बरंच काम करतात. मोटरची रेघ मात्र विमानाच्या उंचीच्या हिशेबातही सीजीतूनच जायला हवी. ती सीजीच्या वर असेल तर नाक खाली दाबलं जातं, खाली असेल तर विमान पाठीवर उलटायला बघतं.

मोटर जळत असताना सीजी हलतो, हेही ध्यानात घ्या. इंधन साधारण वीस ग्रॅम. ते सीजीच्या मागे चाळीस सेंटिमीटरवर असलं तर जळून गेल्यावर सीजी जवळजवळ तीन सेंटिमीटर पुढे येतो. खऱ्या काँकॉर्डमध्येही हाच पेच होता, फक्त कारण वेगळं. आवाजाच्या पलीकडे गेल्यावर पंखावरच्या उचलीचा बिंदू मागे सरकतो, म्हणून वैमानिकांसोबतचा फ्लाइट इंजिनिअर कित्येक टन इंधन पंपानं मागच्या टाकीत नेऊन सीजीही मागे न्यायचा आणि उतरण्याआधी ते पुन्हा पुढे आणायचा. तुमच्याकडे पंप नाही. म्हणून दोनदा तोलायचं. एकदा जळून रिकाम्या झालेल्या मोटरसह: तेव्हा सीजी तरंगण्याच्या खुणेवर हवा. एकदा भरलेल्या मोटरसह: तेव्हा तो मागे जाईल, पण छोट्या विमानावर सापडलेल्या मागच्या हद्दीला शिवता कामा नये. शिवत असेल तर मोटर आणखी पुढे घ्या किंवा नाकात वजन घाला. दुसरा मार्ग नाही.

रेडिओत दोन गोष्टी लागतात. पहिली, एलेव्हॉनचं मिश्रण: स्टिक मागे ओढली की दोन्ही पट्ट्या वर, उजवीकडे नेली की उजवी वर आणि डावी खाली. उडवण्याआधी विमानाच्या मागे उभं राहून हे दर वेळी डोळ्यांनी बघा, मोठ्यानं बोलून बघा. पट्ट्या उलट्या हलत असताना सुटलेलं विमान वाचत नाही. दुसरी, दोन वेगळे ट्रिम एका स्विचवर. वर जाताना पट्ट्या पंखाच्या पातळीत आणि त्यांची हालचाल अगदी थोडी. मोटर विझली की स्विच दाबायचा आणि पट्ट्या तरंगण्यापुरत्या वर येतात. तरंगण्याचं ट्रिम ठेवूनच मोटर पेटवली तर विमान वेग घेताच मागे वळतं आणि थेट जमिनीकडे येतं. पंखांचा पसारा लहान असल्यामुळे हे विमान कुशीवर फार चटकन वळतं, म्हणून त्या बाजूची हालचाल आणखी कमी ठेवा.

मग जळलेली मोटर आत घालून मोठं विमान घेऊन गवताच्या मैदानावर जा. वारा नसलेली सकाळ निवडा. धावत जाऊन नव्हे, उभ्यानं, समोर सरळ फेका. नाकापुढे सरळ, सारख्या उतारानं, तुमच्या हाताचं ऐकत ते गेलं पाहिजे. मग ओळखीच्या माणसाला उडवायला द्या आणि आपण बाजूनं बघा. बाजूनं जे दिसतं ते मागून दिसत नाही. हे मनासारखं होईपर्यंत मोटर घरीच राहू दे. नाक फार उचलून हळू उडवायचा मोह होईल, तोही टाळा. त्रिकोणी पंख एकदम कोसळत नाही हे खरं. पण भोवऱ्यांच्या उचलीबरोबर हवेची ओढही भरमसाट वाढते आणि विमान नाक वर ठेवूनच लिफ्टसारखं खाली बसत जातं. काँकॉर्ड उतरताना हाच तोटा इंजिनांच्या जोरावर भरून काढायचं. तुमची मोटर तेव्हा विझलेली असेल.

इथपर्यंत आलेल्या प्रत्येकाला मी कळकळीनं विनवतो, मोटर कधीही घरी बनवू नका. दिवाळीच्या बाणातली दारू काढून नळीत ठासू नका, इंटरनेटवर पाहून साखर आणि क्षार शिजवू नका, शाळेच्या प्रयोगशाळेतून काही आणू नका. हा छंद जन्मालाच आला तो मुलांना यापासून वाचवायला. १९५७ साली स्पुटनिक उडाल्याच्या आगेमागे अमेरिकेत पोरं तळघरांत आणि गॅरेजांत रॉकेटचं इंधन ठासू लागली होती, आणि त्यात मुलांचे हात जात होते, जीव जात होते. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन त्याबद्दल मासिकात लिहीत होते. ते वाचून नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे बुटांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी त्यांना आपली छोटी, तयार मोटरीची रॉकेटं पाठवली. इंधन कारखान्यात भरलेलं, मुलांच्या हाती फक्त कागद, लाकूड आणि कल्पना. त्याच वर्षी तिथे मॉडेल रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी व्हर्न एस्टीज यांनी काढलेल्या कंपनीनं मोटरी यंत्रावर बनवून घरोघरी नेल्या. सुरक्षिततेचे जे नियम आज पाळले जातात ते त्या जखमी मुलांच्या हिशेबातून आलेले आहेत.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हा मार्ग मोकळा आहे. जवळचा क्लब गाठा, तिथल्या जाणत्या माणसाला विमान दाखवा, त्यांच्या मैदानावर, त्यांच्या पॅडवरून उडवा. दीड किलोच्या आतलं, १२५ ग्रॅमपेक्षा कमी इंधनाचं, कागद, लाकूड, फोम यांचं रॉकेट तिथे हलक्या गटात मोडतं आणि आपलं विमान त्यात सहज बसतं. मैदानाच्या वरच्या हवेचे नियम क्लबला ठाऊक असतात, त्यांना विचारल्याशिवाय मोकळी जागा दिसली म्हणून उडवू नका. गवत सुकलेलं असेल किंवा आगीची बंदी असेल तर त्या दिवशी विमान फक्त हातानं फेका.

महाराष्ट्रात, गोव्यात राहणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. अमेरिकेतल्या दुकानांत खेळण्यांशेजारी मिळणाऱ्या या मोटरी आपल्याकडे तशा मिळत नाहीत. स्फोटक द्रव्यांचा कायदा १८८४ पासून आहे आणि त्याची अंमलबजावणी पाहणारी केंद्रीय संस्था, जिला सगळे पेसो म्हणतात, तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे. म्हणून परदेशातल्या दादा-ताईला, मामाला सांगू नका की "येताना बॅगेत दोन मोटरी टाक." विमानप्रवासात रॉकेटच्या मोटरी हातातल्या सामानातही चालत नाहीत आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाहीत. आणि मामांनो, भाच्यानं कितीही हट्ट केला तरी नाही म्हणा. त्याऐवजी एलेव्हॉन हलवणारे सर्व्हो आणा, रिसीव्हर आणा, कार्बनच्या बारीक पट्ट्या आणा.

म्हणून काँकॉर्ड करायचंच नाही असं नाही. हेच विमान, याच मापाचं, बॉडीच्या मागे छोटी विजेची मोटर आणि ढकलणारा पंखा लावून छान उडतं. किंवा तेही न करता जमिनीत घट्ट रोवलेल्या खुंटीला रबर आणि दोरी बांधून, मागे ताणून सोडा, तीस-चाळीस मीटर उंची मिळते. सीजी तोच, एलेव्हॉन तेच, उतरवण्याचं कसब तेच. खर्च कमी होतो आणि दिवसभरात हवी तितकी उड्डाणं होतात, म्हणून मला तर सुरुवातीला हाच मार्ग जास्त आवडतो. परवानगीचं मात्र बघा. ड्रोनचे २०२१ चे नियम अशा मॉडेलनाही लागू आहेत. आपली जागा सरकारी नकाशावर हिरव्या पट्ट्यात येते का ते आधी पाहा, विमान डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरात ठेवा आणि हिरव्या पट्ट्यातही १२० मीटरच्या वर जाऊ नका. पुण्यात लोहगाव, नाशिकला ओझर आणि देवळाली, अशा जागांच्या आसपास तर परवानगीशिवाय पाऊलच टाकू नका. घरात एनसीसीच्या एअर विंगमधलं कुणी असेल तर त्याला धरा. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात आणि जुने शिक्षक मोठ्या मायेनं दाखवतात.

ज्यांच्याकडे मैदान आहे, क्लब आहे आणि दुकानातून घेतलेली मोटर आहे, त्यांच्यासाठी उड्डाणाच्या दिवसाचं. माणसं दोन हवीत. एकाच्या दोन्ही अंगठ्यांना स्टिकशिवाय दुसरं काम नको, दुसरा बटण दाबेल. पेटवण्याचं काम विजेच्या तारेनं, सुरक्षेची किल्ली असलेल्या पेटीतून. ती किल्ली विमान रेलवर चढवणाऱ्याच्याच खिशात राहते आणि सगळे मागे आल्यावरच बाहेर येते. डी गटापर्यंतच्या मोटरीला किमान १५ फूट अंतर ठेवतात, त्याहून मोठीला ३० फूट. आपली मोटर इ गटाची, म्हणजे ३० फूट. रेल जवळजवळ उभी, वाऱ्याकडे किंचित कललेली. मोठ्यानं पाच आकडे उलटे मोजायचे. आकाशात विमान, पॅराग्लायडर, घार, काहीही दिसलं तर थांबायचं. बटण दाबूनही मोटर पेटली नाही तर किल्ली काढा, एक मिनिट थांबा आणि मगच जवळ जा.

सुटल्यावर पहिले दोन सेकंद काहीही करू नये असं वाटेल, आणि छोटं विमान नीट साधलेलं असेल तर खरोखर काही करावं लागत नाही. ते कललं तर स्टिक केसभर हलवा आणि सोडा. मोटर विझली की वेग ओसरू द्या, नाक क्षितिजावर आणा, मग स्विच. पहिली घिरटी मोठी आणि सपाट घ्या आणि विमान सतत वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. हे विमान लांब तरंगत नाही. खऱ्या काँकॉर्डची उतरतानाची उचल हवेच्या ओढीच्या जेमतेम चौपट होती, तुमचंही त्याच्या आसपासच राहील. मैदानाच्या पलीकडून परत येईल अशी आशा धरू नका. शेवटच्या तीस मीटर उंचीत वळायचं नाही. समोर सरळ, नाक थोडं खाली, वेग भरपूर. गवतापासून हातभर वर आलं की स्टिक हळूहळू मागे घ्या, नाक उचललं जातं, भोवरे पंख धरतात, आणि विमान त्या ओळखीच्या काँकॉर्डी ढंगात बसतं.

उतरल्यावर मोटरचं कवच काही मिनिटं तापलेलं असतं, मुलांना हात लावू देऊ नका. आधी बॅटरी काढा. मग मोटरच्या नळीभोवतीचा फोम वितळलाय का, एलेव्हॉनचे बिजागर सैल झालेत का, कार्बनची पट्टी पंखातून सुटली आहे का ते बघा. पुन्हा एकदा रिकाम्या मोटरसह तोला आणि सीजी खुणेवर असेल तरच दुसरी मोटर पिशवीतून बाहेर काढा.